पर्वतीय गोरिलांच्या भेटीची तयारी: परवान्यापासून परतीनंतरच्या काळजीपर्यंत

पर्वतीय गोरिला आज जगात दोनच ठिकाणी उरले आहेत. एक म्हणजे युगांडा, रवांडा आणि काँगो लोकशाही प्रजासत्ताक यांच्या सीमांवर पसरलेली विरुंगा ज्वालामुखींची रांग, आणि दुसरे म्हणजे युगांडाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातले ब्विंडीचे जंगल व त्याला लागून काँगोत असलेला साराम्ब्वेचा लहानसा पट्टा. विरुंगामध्ये 2015-16 साली झालेल्या गणनेत 604 आणि ब्विंडीच्या बाजूला 2018 च्या गणनेत 459 गोरिला मोजले गेले, म्हणजे एकूण 1,063. प्राणिसंग्रहालयांत दिसणारे गोरिला बहुतेक सगळे पश्चिम आफ्रिकेकडच्या सखल प्रदेशातल्या जातीचे असतात. पर्वतीय गोरिला पाहायचा असेल तर त्याच्या डोंगरावरच जावे लागते.

ही संख्या गेल्या काही दशकांत वाढली, म्हणूनच नोव्हेंबर 2018 मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने या गोरिलांना ‘अतिसंकटग्रस्त’ यादीतून ‘संकटग्रस्त’ यादीत आणले. या वाढीमागे पहारा, पशुवैद्यकीय उपचार आणि गोरिला पाहायला येणाऱ्या पर्यटकांच्या परवान्यांतून मिळणारा पैसा ही मोठी कारणे आहेत. मात्र हाच पर्यटक आपल्या सर्दीचा विषाणू घेऊन जंगलात शिरला, तर एका खोकल्याने पूर्ण कुटुंब आजारी पडू शकते. त्यामुळे या सहलीची निम्मी तयारी आपल्या सोयीसाठी असते आणि निम्मी गोरिलांच्या सुरक्षिततेसाठी. पुढची प्रत्येक पायरी या दोन्ही अंगांनी वाचावी.

देश आणि विभाग ठरवणे

काँगोतील विरुंगा राष्ट्रीय उद्यानाचा परवाना कागदावर सर्वांत स्वस्त असला, तरी त्या भागातील सशस्त्र संघर्ष पाहता सध्या तिकडचा विचार करू नये. उरतात रवांडा आणि युगांडा.

रवांडाने मे 2017 मध्ये परवान्याचे शुल्क 750 डॉलरवरून 1,500 डॉलर केले. आजच्या विनिमय दराने ही रक्कम एका माणसामागे सव्वा लाख रुपयांच्या वर जाते. त्या बदल्यात प्रवास अगदी सोपा होतो. किगाली विमानतळावरून मुसान्झे हे गाव चांगल्या रस्त्याने दोन-अडीच तासांवर आहे आणि तिथून जवळच किनिगी येथे व्होल्कॅनोज राष्ट्रीय उद्यानाचे मुख्यालय आहे. ज्यांच्याकडे रजा मोजकी आहे किंवा ज्यांना लांबचा मोटारप्रवास झेपत नाही, त्यांनी रवांडाच निवडावा.

युगांडात परदेशी पाहुण्यांसाठी जुलै 2024 पासून हे शुल्क 800 डॉलर, म्हणजे सुमारे 70 हजार रुपये आहे. भारतातून स्वखर्चाने जाणाऱ्या कुटुंबाला माझ्या मते ब्विंडीच परवडते, आणि जंगल म्हणूनही ते अधिक घनदाट, अधिक जुने आणि अधिक विविध आहे. 1991 मध्ये राष्ट्रीय उद्यान आणि 1994 मध्ये जागतिक वारसास्थळ झालेल्या या जंगलाचे बुहोमा, रुहिजा, रुशागा आणि न्कुरिंगो असे चार विभाग आहेत. उत्तरेकडच्या बुहोमामध्ये 1993 साली इथले गोरिला पर्यटन सुरू झाले आणि तिथल्या वाटा तुलनेने सौम्य आहेत. रुहिजा सर्वांत उंचावर आहे. दक्षिणेकडच्या रुशागामध्ये माणसाला सरावलेली कुटुंबे सर्वाधिक असल्याने परवाना मिळण्याची शक्यता तिथे जास्त असते, तर न्कुरिंगोचे उतार गुडघ्यांची खरी परीक्षा पाहतात. युगांडाच्याच म्गाहिंगा उद्यानातही गोरिलांचे एक सरावलेले कुटुंब आहे, परंतु पहिल्या भेटीसाठी ब्विंडीचा पर्याय अधिक भरवशाचा आहे.

नकाशावर हे विभाग शेजारी दिसतात आणि इथेच अनेकांचा हिशेब चुकतो. बुहोमाहून रुशागाला मोटारीने जायला डोंगराला वळसा घालत कित्येक तास लागतात. परवाना एका विभागाचा आणि मुक्काम दुसऱ्या विभागात असे झाले, तर सकाळी सातच्या सूचनासत्राला पोहोचणे अशक्य होते आणि उशीर झाल्यास परवाना वाया जातो. म्हणून आधी परवाना, मग त्याच विभागातला मुक्काम आणि शेवटी विमानाचे तिकीट, हा क्रम सोडू नये.

एक मधला मार्गही आहे. किगालीला उतरून रस्त्याने सीमा ओलांडल्यास रुशागा किंवा न्कुरिंगोला चार-पाच तासांत पोहोचता येते, तर एंटेबी किंवा कम्पालाहून हाच प्रवास आठ ते दहा तासांचा असतो. अशा वेळी युगांडा, रवांडा आणि केनिया या तिन्ही देशांत चालणारा 100 डॉलरचा पूर्व आफ्रिका पर्यटन व्हिसा घ्यावा; ज्या देशात प्रथम प्रवेश करायचा त्याच देशाकडे त्यासाठी अर्ज करावा लागतो. एंटेबीहून किहिही किंवा किसोरोच्या धावपट्टीपर्यंत लहान विमानेही जातात. त्यांत सामानाची मर्यादा साधारण 15 किलोच असते, हे सामान बांधण्यापूर्वी लक्षात ठेवावे.

महिना आणि परवाना

जून ते ऑगस्ट आणि डिसेंबर ते फेब्रुवारी हे तुलनेने कोरडे महिने आहेत. मार्च ते मे आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात पाऊस अधिक पडतो, वाटा निसरड्या होतात आणि कच्चे रस्ते खचतात. तरीही हे वर्षावन आहे; कोरड्या महिन्यातही दुपारची सर येतेच. महाराष्ट्रातील शाळांच्या सुट्ट्या एप्रिल-मेमध्ये येतात, म्हणजे नेमक्या तिकडच्या पावसात, त्यामुळे मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी नाताळची सुट्टी किंवा जूनचा पहिला आठवडा पाहावा. मुलांच्या बाबतीत एक अट निर्विवाद आहे: 15 वर्षांखालील कोणालाही दोन्ही देशांत गोरिलांजवळ जाऊ देत नाहीत, आणि वयाची खात्री पासपोर्टवरून केली जाते.

एका गोरिला कुटुंबाकडे दिवसाला जास्तीत जास्त आठ पाहुणे जातात, त्यामुळे परवान्यांची संख्या मुळातच मर्यादित आहे. जून ते सप्टेंबर आणि डिसेंबर-जानेवारीच्या गर्दीसाठी सहा महिने आधी नोंदणी करावी. युगांडात परवाना युगांडा वन्यजीव प्राधिकरणाकडून आणि रवांडात रवांडा विकास मंडळाकडून दिला जातो. दोन्हीकडे थेट नोंदणी होऊ शकते, तरी बहुतेक प्रवासी नोंदणीकृत स्थानिक सहल संयोजकामार्फत परवाना काढतात, आणि युगांडाच्या बाबतीत तेच अधिक सोयीचे पडते. संयोजकाला आगाऊ रक्कम देण्यापूर्वी परवाना आपल्या नावाने निघाल्याची प्रत कधी मिळेल, त्यावर कोणता विभाग आणि कोणती तारीख असेल, आजारपणामुळे जाता आले नाही तर तारीख बदलते का आणि किती रक्कम परत मिळते, हे सारे लेखी घ्यावे. नाव पासपोर्टवर आहे तसेच, वडिलांच्या किंवा पतीच्या नावासह, अक्षरशः जुळले पाहिजे. भारतातील कंपनीकडून पॅकेज घेतल्यास त्यावर टीसीएस, म्हणजे रक्कम घेतानाच वसूल केला जाणारा कर, आकारला जातो. तो आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो, पण हातातल्या रकमेचा हिशेब करताना धरावाच लागतो.

रुशागामध्ये माणसाला अजून पुरते न सरावलेल्या कुटुंबासोबत संशोधक व रेंजर यांच्याबरोबर चार तास घालवण्याचाही एक कार्यक्रम आहे. तो बराच महाग आहे आणि चालणेही अधिक असते. प्राणिवर्तनात खरी आस्था असेल तरच तो घ्यावा. पहिल्यांदा जाणाऱ्याला एक तासाची नेहमीची भेट पुरते.

लसी, गोळ्या आणि विमा

युगांडात प्रवेशासाठी पीतज्वराच्या (यलो फीव्हर) लसीचे प्रमाणपत्र आवश्यक आहे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे तिथून भारतात परतताना ते नसेल तर प्रवाशाला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. ही लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही. केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रांवरच ती दिली जाते. मुंबईत विमानतळ आरोग्य संघटना आणि बंदर आरोग्य संघटना ही अशी केंद्रे आहेत. वेळ आधी ठरवावी लागते आणि मूळ पासपोर्ट न्यावा लागतो. प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी ग्राह्य होते आणि नंतर आयुष्यभर चालते. अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेल्यांनी, प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी, गर्भवतींनी आणि साठी ओलांडलेल्यांनी ही लस घेण्यापूर्वी डॉक्टरांशी सविस्तर बोलावे. फक्त रवांडाला जाणाऱ्यांनीही लस घेऊन निघावे, कारण विमान बदलताना किंवा सीमा ओलांडताना एखादा देश वाढला की नियमही बदलतात.

मलेरिया दोन्ही देशांत आहे. उंच जंगलात डास कमी असले तरी एंटेबी, कम्पाला आणि वाटेतल्या मुक्कामांत ते भरपूर असतात. तिथल्या मलेरियावर क्लोरोक्विन चालत नाही, म्हणून प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांकडून लिहून घ्याव्यात आणि परतल्यावर सांगितलेल्या मुदतीपर्यंत घेत राहाव्यात. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल परतल्यावर सात दिवस, तर डॉक्सिसायक्लिन चार आठवडे चालू ठेवावी लागते.

याखेरीज फ्लू आणि गोवराच्या लसी पूर्ण असाव्यात, असा माझा आग्रह आहे. त्यांची सक्ती कोणी करत नाही. पण माणूस आणि गोरिला यांच्या जनुकांत सुमारे 98 टक्के साम्य आहे, आणि आपल्याला चार दिवस अंथरुणावर पाडणारा श्वसनाचा विषाणू त्यांच्यात जीवघेणा ठरू शकतो. हा धोका कल्पनेतला नाही. 1996 मध्ये ब्विंडीतल्या एका कुटुंबात खरूज पसरली आणि त्यात एक पिल्लू दगावले. संसर्ग भोवतालच्या वस्तीतल्या माणसांच्या कपड्यांतून गेला असावा, असा निष्कर्ष निघाला. त्या साथीवर उपचार करणाऱ्या पशुवैद्य डॉ. ग्लॅडिस कालेमा-झिकुसोका यांनी पुढे 2003 मध्ये ‘कन्झर्व्हेशन थ्रू पब्लिक हेल्थ’ ही संस्था स्थापली, कारण गावातल्या माणसांचे आरोग्य सुधारल्याखेरीज गोरिला निरोगी राहणार नाहीत, हे त्यांनी तिथे प्रत्यक्ष पाहिले होते.

प्रवास विम्यात दुर्गम भागातून रुग्णाला हलवण्याचा खर्च धरलेला आहे ना, हे पाहावे. निघण्यापूर्वी साथींची स्थितीही तपासावी. रवांडात सप्टेंबर 2024 मध्ये मारबर्गची आणि युगांडात जानेवारी 2025 मध्ये इबोलाची साथ जाहीर झाली होती. दोन्ही काही महिन्यांत आटोक्यात आल्या, तरी अशा काळात विमानतळावरच्या तपासण्या आणि परतीचे नियम झपाट्याने बदलतात.

शरीराची तयारी

गोरिला कधी अर्ध्या तासात भेटतात, तर कधी सहा तास चालल्यावर. आदल्या संध्याकाळी ते जिथे झोपायला गेले तिथून ट्रॅकर पहाटे माग काढू लागतात, आणि कुटुंब सकाळी कोणत्या दिशेला चरत जाईल हे आधी कोणालाच माहीत नसते. म्हणून तयारी लांबच्या दिवसाची करावी.

ब्विंडीची उंची 1,160 पासून 2,607 मीटरपर्यंत आहे, तर रवांडातल्या वाटा मुळात 2,400 मीटरच्या आसपास सुरू होतात. आपले कळसूबाई 1,646 मीटर आहे. म्हणजे महाराष्ट्राच्या सर्वोच्च शिखरावर सहज जाणाऱ्यालाही तिथे दम लवकर लागेल. आठ ते दहा आठवडे आधी सराव सुरू करावा. आठवड्यातून तीन दिवस पाऊण तास भरभर चालणे, दोन दिवस जिने किंवा टेकडी आणि सुट्टीच्या दिवशी पाठीवर चार-पाच किलो घेऊन सिंहगडासारखी चढाई, इतके पुरेसे आहे. उतरण्याचा सराव मात्र टाळू नये, कारण ब्विंडीत पाय घसरतात आणि गुडघे दुखतात ते बहुतेक उतरतानाच. पावसाळ्यात सह्याद्रीत भटकणाऱ्यांना ओल्या मातीची सवय असते, पण ब्विंडीत वाट सोडली की पायाखाली मातीच लागत नाही. वेली, फांद्या आणि पाचोळा यांच्या थरावर पाऊल पडते, ते गुडघ्यापर्यंत आत जाते आणि तोल सावरायला हात मोकळे लागतात.

साठीच्या पुढच्या किंवा गुडघ्यांचा त्रास असलेल्या वाचकांनी नाउमेद होऊ नये. सकाळी रेंजरला आपली क्षमता स्पष्ट सांगितली, तर शक्य तितके जवळचे कुटुंब देण्याचा प्रयत्न होतो. चालणे अगदीच अशक्य असेल तर ब्विंडीत स्थानिक तरुणांचा चमू पाहुण्याला डोलीत बसवून नेतो. त्यासाठी काही शे डॉलर लागतात आणि आधी कळवावे लागते.

सामान

घोट्यापर्यंत येणारे, जलरोधक आणि आधी भरपूर वापरलेले बूट ही सर्वांत महत्त्वाची वस्तू आहे. कोरे बूट घालून जाऊ नये. जाड, लांब पायमोजे विजारीवरून ओढून घ्यावेत आणि शक्य असल्यास वर गेटर्स, म्हणजे बुटापासून पोटरीपर्यंतची आवरणे, बांधावेत, म्हणजे सफारी मुंग्या आत चढत नाहीत. अंगाला लागताच आग करणारी खाजरी पाने वाटेवर सर्वत्र असतात, त्यामुळे पूर्ण बाह्यांचा जाडसर सदरा, लांब विजार आणि बागकामाचे हातमोजे घालावेत. जीन्स भिजली की जड होते, म्हणून ती नको. रंग मातकट किंवा हिरवट असावेत. छत्री जंगलात निरुपयोगी ठरते, चांगले जर्किन आणि पिशवीला पावसाचे आवरण हवे.

पिशवीत दोन लिटर पाणी, डबा, सुका खाऊ, पासपोर्ट, नेहमीची औषधे, दोन-तीन मास्क आणि हात निर्जंतुक करण्याचे द्रव्य असावे. शाकाहारी प्रवाशांनी मुक्कामाच्या ठिकाणी आधीच कळवावे. चपाती, घेवड्याची उसळ, मातोके (शिजवलेली हिरवी केळी) आणि फळे सगळीकडे मिळतात. घरून दशम्या, चिक्की किंवा खाकरा नेला तरी चालतो, फक्त त्याचा एक तुकडाही जंगलात टाकू नये. रवांडात 2008 पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे आणि विमानतळावर त्या काढून घेतल्या जातात, म्हणून सामान कापडी पिशव्यांत बांधावे. डॉलरच्या नोटा अलीकडच्या छपाईच्या आणि न फाटलेल्या न्याव्यात. जुन्या नोटा तिकडे नाकारतात किंवा कमी दराने घेतात.

आदला आठवडा

माझ्या मते तयारीतला हा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. निघण्यापूर्वीचा आठवडा लग्नकार्ये, गर्दी आणि आजारी नातेवाइकांच्या भेटी शक्य तितक्या टाळाव्यात. विमानात मास्क लावावा. विमानातून उतरल्याच्या दुसऱ्याच सकाळी गोरिलांकडे जाऊ नये, मध्ये किमान एक मोकळा दिवस ठेवावा, म्हणजे थकवा जातो आणि सर्दी होणार असेल तर ती लक्षात येते. सर्दी, ताप, खोकला किंवा जुलाब यांपैकी काहीही असेल तर सकाळी रेंजरला स्वतःहून सांगावे. सत्तर हजार रुपये भरलेल्या माणसाला हे जड जाते, हे मला मान्य आहे. तरीही गोळी घेऊन खोकला दाबणे आणि पिलांच्या जवळ जाऊन बसणे हा गुन्हाच आहे, असे मी मानतो.

सकाळ आणि चढ

सकाळी सातच्या सुमारास नोंदणी, सूचना आणि गटांची विभागणी होते. इथेच पोर्टर घ्यावा. साधारण 15 ते 20 डॉलरमध्ये गावातला माणूस दिवसभर आपली पिशवी वाहतो, घसरणीवर हात देतो आणि मागून ढकलतोही. स्वतःची पिशवी स्वतः उचलण्याचा अभिमान सह्याद्रीत योग्य असेल, परंतु इथे पोर्टरला काम देणे म्हणजे जंगलाच्या कडेच्या घरात जंगलातून पैसा पोहोचवणे. जंगलात फास लावून हरणे आणि रानडुकरे मारणे हा इथला मोठा प्रश्न आहे. जून 2020 मध्ये न्कुरिंगो कुटुंबाचा प्रमुख नर राफिकी अशाच एका शिकाऱ्याच्या भाल्याने मारला गेला, आणि पुढे त्या शिकाऱ्याला 11 वर्षांची शिक्षा झाली. ज्या घराला गोरिलांमुळे मिळकत आहे, त्या घराला फासाची गरज कमी पडते.

तो एक तास

गोरिला दिसण्याआधी पिशव्या, काठ्या आणि खाण्याचे पदार्थ मागे ठेवावे लागतात आणि मास्क लावावा लागतो. घड्याळ तिथून सुरू होते आणि बरोबर एक तासाने भेट संपते. अंतर किमान 10 मीटर ठेवावे. पिल्लू कुतूहलाने जवळ आले तर आपण मागे सरावे. त्याला हात लावू नये, कितीही मोह झाला तरी. बोलणे हळू, हालचाल सावकाश आणि सर्वांनी एकत्र बसावे, म्हणजे गोरिलांना वेढल्यासारखे वाटत नाही. शिंक आवरत नसेल तर तोंड फिरवून कोपरात शिंकावे.

रुपेरी पाठीचा प्रमुख नर छाती बडवून धावून आला तर पळू नये. जागच्या जागी खाली बसावे, नजर जमिनीकडे वळवावी आणि रेंजर सांगेल तेच करावे. बहुतेक वेळा तो केवळ दरारा दाखवत असतो. रेंजर घशातून खोल हुंकार काढताना ऐकू येईल; तो गोरिलांना ‘सर्व ठीक आहे’ असे सांगण्याचा आवाज आहे.

छायाचित्रांसाठी फ्लॅश पूर्ण बंद ठेवावा. काळे केस आणि अंधारे जंगल यांमुळे कॅमेरा चित्र वाजवीपेक्षा उजळ करतो, म्हणून एक्स्पोजर थोडे कमी करावे आणि आयएसओ 1600 ते 6400 दरम्यान ठेवावा. 70-200 ची लेन्स पुरते. तिवई आणि ड्रोन नेऊ नयेत. पहिली दहा मिनिटे आणि शेवटची दहा मिनिटे कॅमेरा खाली ठेवून नुसते पाहावे, असा माझा सल्ला आहे. मादी पिलाच्या अंगावरचे केस कशी निवडते, तरुण नर प्रमुखाच्या मर्जीचा अंदाज घेत किती अंतरावर बसतो, हे भिंगातून कळत नाही.

परतल्यावर

पोर्टर, रेंजर आणि ट्रॅकर यांना बक्षिशी देण्याची प्रथा आहे. ट्रॅकर पहाटेपासून जंगलात असतात आणि शेवटी त्यांचाच विसर पडतो, म्हणून त्यांचा वाटा वेगळा काढावा. मुक्कामावर येताच बूट आणि गेटर्स साबणाने धुऊन वाळवावेत, विशेषतः पुढे युगांडातल्याच किबाले जंगलात चिंपांझी पाहायला जायचे असेल तर, कारण चिखलाबरोबर जंतूही दुसऱ्या जंगलात जातात. काढलेल्या छायाचित्रांतून गोरिला आणि माणूस अगदी जवळ दिसत असतील तर ती समाजमाध्यमांवर टाकू नयेत. पुढचा पाहुणा तेच अंतर मागतो आणि रेंजरवर दबाव येतो.

भारतात उतरताना पीतज्वराचे प्रमाणपत्र हातातल्या पिशवीत असू द्यावे, कारण आरोग्य तपासणी सामान मिळण्याआधी होते. मलेरियाच्या गोळ्यांची मुदत पूर्ण करावी. पुढच्या काही महिन्यांत ताप आला तर साधा व्हायरल समजून घरी थांबू नये. डॉक्टरांना पूर्व आफ्रिकेच्या प्रवासाची तारखांसह माहिती द्यावी आणि त्याच दिवशी मलेरियासाठी रक्त तपासून घ्यावे.